न पेलणाऱ्या आश्वासनाचा गुन्हा
ठेवीदार संरक्षण कायद्यातील एका स्पष्टीकरणाचे रसग्रहण

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या एका कायद्यात एक वाक्य असे आहे, की ते वाचताना मला दर वेळी थांबावे लागते. ते लांबलचक आहे, त्यात ‘किंवा’ पुन्हा पुन्हा येतो आणि क्रियापद अगदी शेवटी भेटते. तरीही सामान्य माणसाच्या पैशाविषयी इतक्या नेमकेपणाने लिहिलेले दुसरे वाक्य आपल्या कायद्यांत मला सापडलेले नाही. कायदा आहे ‘महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९’. कोर्टकचेरीत आणि वर्तमानपत्रांत त्याला एमपीआयडी म्हणतात. वाक्य आहे त्याच्या कलम ३ खालचे स्पष्टीकरण.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला या कायद्याची ओळख करून द्यावी लागत नाही. गेल्या दीड-दोन दशकांत इथल्या कितीतरी घरांनी हे चार अक्षरी नाव पोलीस ठाण्यात, सहकार निबंधकांच्या कार्यालयात किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात ऐकलेले आहे. पण कायद्याचे नाव माहीत असणे वेगळे आणि त्याची भाषा वाचणे वेगळे. ही भाषा वाचण्याजोगी आहे, असे माझे म्हणणे आहे.

ती ज्या जमिनीवर उतरली, ती जमीन आधी पाहू. खान्देशात पैसा हातात येतो तो हंगामाने. कापूस विकला की, केळीचा घड कापला की, एकरकमी. रावेर-यावलच्या केळीवाल्याचे आणि पारोळा-शिंदखेड्याच्या कापूसवाल्याचे वर्षाचे गणित दोन-चार पावत्यांत मावते. दुसरीकडे भुसावळचे रेल्वे कर्मचारी, वरणगावच्या आयुध निर्माणीतले कामगार, एसटीतले वाहक-चालक, साक्री-शिरपूरच्या शाळांतले शिक्षक. त्यांच्या हातात मोठी रक्कम आयुष्यात एकदाच येते, निवृत्तीच्या दिवशी. हा सगळा पैसा ठेवायला माणसाला ओळखीचा उंबरठा लागतो. पतपेढीने तो दिला. तिचा चेअरमन गावातला, संचालक नात्यागोत्यातले, पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानावर येणारा. बँकेत अर्ज भरायला घाबरणारी बाई पतपेढीत निर्धास्त जात असे. सहकाराची ही खरी ताकद होती आणि पुष्कळ संस्थांनी ती प्रामाणिकपणे सांभाळली, हेही सांगितले पाहिजे. पण २००७-०८ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्था एकामागून एक अडचणीत आल्या, आणि त्याच ओळखीच्या उंबरठ्यावर ठेवीदारांच्या रांगा लागल्या.

आता एक ठेवपावती हातात घेऊ. जाड कागद, वर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक. मध्ये ठेवीदाराचे नाव, रक्कम अंकी आणि अक्षरी, ठेव दिनांक, देय दिनांक, देय रक्कम. खाली वारसाचा रकाना आणि व्यवस्थापकाची सही. पावती दामदुप्पट योजनेची असेल तर देय रक्कम मूळ रकमेच्या बरोबर दुप्पट असते. वाचणाऱ्याची नजर तिथेच खिळते. एक लाखाचे पाच वर्षांत दोन लाख! मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, बोअरवेल, सगळे त्या आकड्यात दिसते.

पण त्या आकड्याच्या पोटात काय आहे? पाच वर्षांत रक्कम दुप्पट करायची तर दरसाल चक्रवाढीने १४.८७ टक्के व्याज द्यावे लागते. सहा वर्षांत करायची तर १२.२५ टक्के. संस्थेला कर्मचाऱ्यांचे पगार, जागेचे भाडे आणि एजंटाचे कमिशन यातूनच भागवायचे असते, काही रक्कम रोकड म्हणून हाताशी ठेवायची असते, बुडणाऱ्या कर्जांची तरतूदही करायची असते. म्हणजे पाच वर्षांच्या दामदुप्पटीला कर्जाचा दर सतरा-अठरा टक्क्यांच्या पुढेच न्यावा लागतो. बँका याहून स्वस्त कर्ज देत असताना हे महाग कर्ज घेईल कोण? ज्याला बँकेने दारात उभे केले नाही तो, किंवा ज्याला फेडायचेच नाही तो. पावतीवर जे वचन छापले आहे ते पाळण्याजोगे आहे की नाही, हे असे पावती फाडली त्याच दिवशी ठरलेले असते. ठेवीदाराला ते पाच वर्षांनी कळते.

हे कळण्यातले अंतर त्या कायद्याच्या लेखकांनी ओळखले. कलम ३ चा मुख्य भाग सांगतो, की वित्तीय संस्थेने ठेव किंवा कबूल केलेला लाभ मुदतीला परत करण्यात कपटाने कसूर केली, तर तिचे प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक आणि कारभाराला जबाबदार असलेले इतर यांना सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. इथवर कोणीही लिहील. अडचण ‘कपटाने’ या अटीची आहे. कपट मनात असते, आणि मनातले सिद्ध कसे करायचे? म्हणून खाली स्पष्टीकरण येते. त्याचा आशय सोप्या मराठीत असा: जी संस्था ठेव, तिच्यावरचा लाभ किंवा कबूल केलेली सेवा देण्यात कसूर करते, एकाचा गैरलाभ किंवा दुसऱ्याची गैरहानी व्हावी या हेतूने करते, किंवा ठेव घेताना दिलेली आश्वासने अव्यवहार्य, धंद्याच्या हिशेबात न टिकणारी होती आणि त्यामुळे आलेल्या असमर्थतेपोटी करते, किंवा ठेवींचा पैसा अशा ठिकाणी गुंतवल्यामुळे करते, की जिथून तो गरज पडेल तेव्हा परत मिळवण्यात मुळातच जोखीम होती, त्या संस्थेने ती कसूर कपटानेच केली असे मानले जाईल.

वाक्याची चाल पाहा. पहिली पायरी ओळखीची आहे: वाईट हेतू. फौजदारी कायदा नेहमी इथूनच सुरू होतो. जुन्या दंडसंहितेच्या कलम ४२० मध्ये फसवणूक सिद्ध करायला सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागे, आणि पतसंस्थेचा संचालक तिथेच निसटत असे. त्याचे उत्तर ठरलेले: परत करायचेच होते हो, पण वसुली झाली नाही, कर्जदारांनी बुडवले, मंदी आली, अफवेने गर्दी झाली. ही उत्तरे कधी कधी खरीही असतात. म्हणूनच ती खोडून काढणे कठीण.

वाक्य हेतूपाशी थांबत नाही, ‘किंवा’ म्हणून पुढे सरकते. दुसऱ्या पायरीवर ते हेतूचा प्रश्न सोडून देते आणि आश्वासनाकडे वळते. नजर पैसे बुडाले त्या दिवसावरून उचलून पैसे घेतले त्या दिवसावर ठेवते. तुम्ही शब्द दिलात तेव्हा तो पाळण्याजोगा होता का? नसेल, तर तुमची आजची असमर्थता हा बचाव उरत नाही. उलट तीच पुरावा ठरते. “माझ्याकडे पैसे नाहीत” हे वाक्य एरवी आरोपीची सुटका करते. इथे ते त्याच्याविरुद्ध साक्ष देते. मला या कायद्याचे सगळे सौंदर्य या एका उलटापालटीत दिसते. विधिमंडळाने चांगल्या मनाची किंमत नाकारलेली नाही. दुसऱ्याचा पैसा हातात घेणाऱ्याने बेरीज-वजाबाकी न करता शब्द देणे, हाच त्याने अपराध मानला आहे.

तिसरी पायरी आणखी खोल जाते. आश्वासन ठीक होते, व्याज माफक होते, पण पैसा गेला कुठे? संचालकाच्या नातलगाच्या अर्धवट बांधकामात, तारणाशिवाय दिलेल्या कर्जात, भाव चढेल या आशेने घेतलेल्या प्लॉटमध्ये. कायदा इथे ‘तोटा झाला’ एवढ्यावर कोणाला अपराधी ठरवत नाही. धंद्यात तोटा होतो, हे त्याला ठाऊक आहे. त्याची अट नेमकी आहे: जोखीम त्या गुंतवणुकीच्या स्वरूपातच असली पाहिजे, आणि ती ‘गरज पडेल तेव्हा’ पैसा परत मिळण्याबाबतची असली पाहिजे. ठेवीदाराची गरज हा मोजमापाचा दांडा आहे. एखादा प्लॉट दहा वर्षांनी तिप्पट किमतीला जाईल, पण ऑपरेशन पुढच्या मंगळवारी असते. ही गोष्ट कायद्याच्या शुष्क गद्यात कोणीतरी लिहून ठेवली, याचे मला अप्रूप वाटते.

कलम ३ च्या मुख्य भागातली ‘जबाबदार’ ही अटही अशीच जपून घातलेली आहे. कर्मचाऱ्यालाही शिक्षेच्या कक्षेत घेतले आहे, पण कारभार चालवण्याची जबाबदारी असलेल्यालाच. ऊन-पावसात सायकलवर फिरून दहा-वीस रुपये गोळा करणारा पिग्मी एजंट, ज्याच्या तोंडावर लोकांनी दारे आपटली आणि ज्याच्या स्वतःच्या घरच्या ठेवी त्याच संस्थेत अडकल्या, तो केवळ हातातल्या पावतीपुस्तकामुळे आरोपी होत नाही. राग आला म्हणजे जवळचा माणूस आधी सापडतो. ही अट त्या रागाला योग्य दाराकडे वळवते.

स्पष्टीकरणाइतकीच वाचण्याजोगी आहे ‘ठेवी’ची व्याख्या. ठेव म्हणजे पैसाच असे कायदा म्हणत नाही. पैसा किंवा कोणतीही मौल्यवान वस्तू, ठरलेल्या मुदतीने किंवा एरवी, रोखीने, वस्तुरूपाने किंवा सेवेच्या रूपाने परत करण्याच्या बोलीवर घेतली, लाभासह किंवा लाभाविना, तर ती ठेव. खान्देशात या शब्दांचा पसारा लगेच लक्षात येतो. जळगाव ही सोन्याची पेठ. महिन्याला हप्ता भरून वर्षाअखेर दागिना घेण्याच्या योजना इथे घरोघरी माहीत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ रोजी नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तुबाजाराच्या प्रकरणात हीच व्याख्या उघडून वाचली आणि तिचा विस्तार मान्य केला. पैसा किंवा वस्तू घेऊन परत करण्याची बोली असेल, तर व्यवहाराला कोणतेही नाव दिले तरी तो ठेवीच्या व्याख्येत येऊ शकतो, असा त्या निवाड्याचा रोख आहे. मुंबईतल्या हजारो कोटींच्या सौद्याला जे माप लागले, तेच गल्लीतल्या योजनेलाही लागते.

कायद्याचा उत्तरार्ध कृतीचा आहे. कलम ४ म्हणते, की सरकार ‘तक्रारीवरून किंवा अन्यथा’ जप्तीचा आदेश काढू शकते. ‘अन्यथा’ या एका शब्दात प्रशासनाची केवढी जबाबदारी आहे! ठेवीदार रडत येईपर्यंत थांबायची गरज कायद्याने ठेवलेली नाही. ठेवींच्या पैशातून घेतलेली मालमत्ता सापडली नाही किंवा पुरली नाही, तर प्रवर्तक-संचालकांची इतर मालमत्ताही जप्त करता येते. जप्त मालमत्ता उपजिल्हाधिकाऱ्याच्या दर्जापेक्षा कमी नसलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते, आणि त्याने तीस दिवसांत विशेष न्यायालयापुढे जायचे असते. शेवटी येते ते समन्यायी वाटप. ज्याची ओळख आहे त्याला आधी, ज्याचा आवाज मोठा त्याला जास्त, असे नाही. पन्नास हजारवाल्या विधवेचा आणि पन्नास लाखवाल्या व्यापाऱ्याचा हक्क एकाच तराजूत.

समन्यायी वाटपाची किंमत जळगावला महागात पडून कळली. भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टीस्टेट सोसायटी, लोकांच्या तोंडी ‘बीएचआर’, हिचे मुख्यालय जळगावात आणि शाखा महाराष्ट्राबाहेरही. ठेवी परत मिळेनात म्हणून तक्रारी झाल्या, २०१५ मध्ये अध्यक्ष-संचालकांना अटक झाली आणि संस्था अवसायनात गेली. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. या वेळी आरोप अवसायनाच्या काळातल्या व्यवहारांवर होते: संस्थेच्या मालमत्ता कमी भावात विकल्या गेल्या, आणि हवालदिल ठेवीदारांच्या पावत्या पडत्या किमतीत घेऊन त्या कर्जाच्या खात्याला पूर्ण किमतीने लावल्या गेल्या. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम. पण आरोपाचे स्वरूप समजून घेतले, की समन्यायी वाटपाची तरतूद का लिहिली गेली ते उमगते. शंभराची पावती तीस-चाळीसला विकणारा माणूस स्वखुशीने विकत नाही. दवाखान्याचे बिल त्याच्याकडून विकवते. त्याच्या नडीवर दुसऱ्याचे कर्ज फिटणार असेल, तर ठेवीदार दुसऱ्यांदा लुटला जातो.

हा कायदा सुखासुखी टिकला नाही. तमिळनाडूने १९९७ मध्ये असा कायदा आधी केला होता, महाराष्ट्राने १९९९ मध्ये. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने महाराष्ट्राचा कायदा घटनाबाह्य ठरवला. हा विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे, असा मुख्य मुद्दा होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा कायदा उचलून धरला, मुंबईच्या पूर्णपीठाचे मत नाकारले, आणि पुढे महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरला. राज्याला आपल्या माणसांची फसवणूक रोखण्याचा अधिकार आहे, हे त्यातून ठरले. बँकिंग दिल्ली-मुंबईहून चालते. पण बुडालेला ठेवीदार जामनेरला किंवा दोंडाईचाला राहतो, आणि त्याला भेटणारा पहिला सरकारी माणूस राज्याचाच असतो.

खान्देशाला अशा कायद्याची परंपराही आहे. १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा झाला तो वजनात, भावात आणि कटतीत शेतकऱ्याला नाडले जाई म्हणून. आणि त्या कायद्याखाली आरंभी जे बाजार नियंत्रित झाले, त्यांत धुळ्याचा कापूस बाजार होता. तेव्हा नजर तराजूवर ठेवायची होती, १९९९ मध्ये ती पावतीवर ठेवावी लागली. दोन्हीकडे कायद्याचे गृहीत एकच: एका बाजूला सगळा हिशेब माहीत असलेला आणि दुसऱ्या बाजूला फक्त विश्वास असलेला, अशा दोघांचा सौदा बरोबरीचा नसतो. १९८६ चा आणि नंतर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही याच पायावर उभा आहे. सहकारी संस्थेविरुद्ध तिचा सभासद ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने तिरुमुरुगन सहकारी पतसंस्थेच्या निकालात मान्य केले. ग्राहक आयोग एका माणसाचे पैसे मागतो. ठेवीदार संरक्षण कायदा सगळ्यांचे पैसे एकत्र शोधतो. ठेवीदाराने दोन्ही दारे लक्षात ठेवावीत.

रसग्रहण म्हणजे डोळे मिटून स्तुती नव्हे. कोट्यवधींच्या ठेवी बुडवणाऱ्याला जास्तीत जास्त एक लाख दंड, हा आकडा त्या थोर वाक्याला शोभत नाही. दुसरी उणीव अधिक जिव्हारी लागणारी आहे. हे वाक्य आश्वासन दिले त्या दिवसाकडे बोट दाखवते, पण जागे होते ते पैसे बुडाल्यावर. जे आश्वासन पहिल्याच दिवशी अव्यवहार्य होते, ते त्याच दिवशी लेखापरीक्षकाला, निबंधकाला दिसत होते. केंद्राने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा करून हे अंतर काही अंशी भरले. तरी नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवरचा दर खरा आहे का, हे वेळीच विचारणारा माणूस अजून हवा आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते छत्र नाही, हेही अनेकांना पैसे अडकल्यावरच समजते. आणि जप्त मालमत्तेचा लिलाव वर्षानुवर्षे रखडला, की समन्यायी वाटप हे शब्द ठेवीदाराच्या वारसाला वाचावे लागतात.

एवढे असूनही मी या स्पष्टीकरणाला महाराष्ट्राच्या कायद्यांतले एक श्रेष्ठ गद्य मानतो. गरीब माणसाच्या अडाणीपणाला त्याने दोष दिलेला नाही, त्याच्या लोभावर प्रवचन झोडलेले नाही. जास्त व्याजाचा मोह धरणाऱ्यापेक्षा जास्त व्याज कबूल करणारा अधिक जबाबदार आहे, असे त्याने स्वच्छ सांगितले. नैतिकदृष्ट्या हे बरोबर आहे आणि व्यवहारातही बरोबर आहे, कारण हिशेबाची वही कबूल करणाऱ्याच्याच टेबलावर असते.

म्हणून माझी एक विनंती आहे. खान्देशातल्या प्रत्येक पतसंस्थेच्या दर्शनी भिंतीवर, व्याजदराच्या फलकाशेजारी, कलम ३ चे हे स्पष्टीकरण सोप्या मराठीत लावावे. प्रामाणिक संस्थेला त्याचे भय वाटण्याचे कारण नाही. तिच्यावरचा विश्वास त्याने वाढेलच. आणि तुमच्या घरात ठेवपावती असेल, तर ती आज काढा. देय रक्कम पाहा, वर्षे मोजा, दर काढा, आणि संस्थेच्या वार्षिक सभेत उभे राहून विचारा की इतके व्याज तुम्ही कोणत्या कर्जातून कमावणार आहात. हा प्रश्न विचारण्याचा हक्क तुमचा आहे. उत्तर मुदत संपल्यावर नको, ठेव ठेवण्याआधी घ्या.